दहा लाडू म्हणजे एक कानटोपी

पत्र: मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. आवारातच अंगणवाडी आहे. २० डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, मुलांकडून खाऊचा बाजार भरवावा आणि जमलेल्या पैशातून गावाबाहेरच्या वीटभट्टीवरच्या कुटुंबांना ब्लँकेटं द्यावीत असं मनात आहे. मोबाईलवर शहरातल्या एका शाळेचा केक-बिस्किटांचा बाजार पाहिला, त्यात एवढीशी मुलं पैसे मोजत होती. आमच्याकडे ओव्हन नाही. मागच्या वर्षी आनंद मेळावा घेतला तेव्हा सगळं आयांनीच केलं, मुलं नुसती खात फिरली. आमचे मुख्याध्यापक म्हणतात, सरकारच्या निपुण भारत अभियानाचं काम सोडून हे कशाला? एक पालक म्हणाले, इतक्या लहानपणी पैशाची हाव लावू नका. भट्टीवरची दोन मुलं माझ्याच पहिलीत आहेत, हेही सांगायला हवं. यातून खरंच गणित शिकवता येईल का, की नुसताच गोंधळ होईल?

मॅडम,

गणित मागच्या वर्षीही झालं, पण ते आयांनी केलं. भाव त्यांनी ठरवले, तुकडे त्यांनी पाडले, सुटे त्यांनी परत दिले आणि संध्याकाळी पिशवीतले पैसेही त्यांनीच मोजले. एका दुपारी हिशेबाची एवढी कामं वर्गात एरवी कधी येत नाहीत, आणि आली ती सगळी मोठ्यांनी उरकून टाकली. यंदा एवढंच बदला: विस्तवाजवळचं काम मोठ्यांचं, मोजायचं काम लहानांचं. लेकरू अडखळलं, चुकलं, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलं तरी मोठ्या माणसाने बोट पुढे करायचं नाही. हे वाचायला सोपं आहे, पण त्या दिवशी तुम्हाला सगळ्यात जास्त राखण याचीच करावी लागेल.

आधी मुख्याध्यापकांची शंका घेते, कारण ती उडवून लावण्यासारखी नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. अभ्यासकांनी गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारले तेव्हा मुलांची शंभरातली ९८ उत्तरं बरोबर आली. त्याच धर्तीची गणितं नंतर कागदावर नुसत्या बेरजा-गुणाकार म्हणून दिली, तर शंभरातली ३७. मुलं तीच होती. आपल्याकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवरचा अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आला. त्यात दुसरी बाजूही तपासली होती. बाजारातल्या मुलांना शाळेचं गणित जमेना, आणि शाळेत शिकलेल्या पण बाजारात न बसलेल्या मुलांना बाजारातला हिशेब जमेना.

म्हणजे बाजार भरवला की गणित येतं, असं मुख्याध्यापकांना सांगायला जाऊ नका. ते खरं नाही. मुलांनी तिथे जे हातांनी केलं ते वर्गात परत काढून, फळ्यावर चिन्हांत मांडून, वहीत उतरवलं तरच दोन्ही टोकं जुळतात. तुमचा बाजार दोन तासांचा असेल, पण त्याच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचा एक आठवडा हे तुमचे गणिताचे तास आहेत. असं मांडलंत तर निपुणचं काम सोडून काही चाललेलं नाही, हे त्यांनाही दिसेल. निपुण भारत ५ जुलै २०२१ ला सुरू झालं ते तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि मूलभूत हिशेब करता यावा म्हणूनच. बालवाटिकेने, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाने, १० पर्यंतचे अंक ओळखावेत, पहिलीने ९९ पर्यंत वाचावं-लिहावं आणि सोपी बेरीज-वजाबाकी करावी, दुसरीने ९९९ पर्यंत जावं, अशी त्याची पायरी आहे. तुमची तीन वयांची मुलं या तीन पायऱ्यांवर बसतात, आणि दुकानातली कामंही तशीच वाटता येतात.

आता तारीख. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, आणि त्यांच्या नावाने हे काम करताय हे मला आवडलं. पण २० डिसेंबर म्हणजे कापूस वेचणीचा भर. सकाळी आठला गावात म्हातारी माणसं आणि तुम्ही दोघं शिक्षक सोडून कोण असतं? वेचणीची मजुरी किलोवर. त्या दिवसात एखादीला 'बाई, दुपारी शाळेत या' म्हणणं म्हणजे तिचे पैसे बुडवणं. म्हणून बाबांची पुण्यतिथी २० ला शाळेत करा, झाडूनपुसून, रीतसर. आणि खाऊचा बाजार त्याच आठवड्यातल्या तुमच्या गावच्या बाजाराच्या दिवशी धरा. चुकारा झालेला असतो, बहुतेक जण घरी असतात, आणि मुख्य म्हणजे हातात रोख असते. रोखच हवी. फोनपेवर कोणी पाच रुपये पाठवले तर लेकराच्या हातात काहीच पडत नाही. पाटी लावून टाका, इथे नोटा-नाणीच चालतात.

ओव्हन नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. केकपेक्षा आपला खाऊ मोजायला बरा. विकायला फार जिन्नस ठेवू नका. मुरमुऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, उकडलेल्या तुरीच्या शेंगा, आवळे-बोरं, बस. सांबारवडी आणि पातोडी आयांना करावीशी वाटेलच, करू द्या, पण त्यांचं एकच दुकान ठेवा आणि तेही दुसरीतल्या मुलांनी चालवायचं. नानकटाईचा हट्टच असला तर जाड बुडाच्या भांड्यात मीठ किंवा वाळू तापवून, वर झाकण ठेवून होते; गावात कोणीतरी करणारं असतंच.

यातली मुरमुऱ्याच्या लाडवांची तयारी अंगणवाडीच्या आणि पहिलीच्या मुलांनी करावी. चार वाट्या मुरमुऱ्याला एक वाटी चिरलेला गूळ. वाटी एकच, सगळ्यांनी तीच वापरायची. आधी चार खडे मांडून ठेवा. एक वाटी टाकली की एक खडा उचलायचा. हे साधं वाटतं, पण मोजण्याचा पाया इथेच आहे. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये हे नीट मांडलं: एका वस्तूला एकच शब्द, शब्दांचा क्रम ठरलेला, आणि शेवटचा शब्द म्हणजे सगळ्यांची संख्या. तुमच्या वर्गात 'एक ते पन्नास' घडाघडा म्हणणारी मुलं असतील. त्यातल्या एखाद्यासमोर सात लाडू ठेवा, मोजून घ्या आणि विचारा, 'मग किती आहेत?' बरीच लेकरं उत्तर न देता पुन्हा एकपासून मोजायला लागतात. त्यांना अजून 'सात' म्हणजे हा सातवा लाडू वाटतो, सगळे मिळून सात असं वाटत नाही. अशी मुलं कोणती, हे तुम्हाला बाजाराच्या तयारीत पहिल्याच दिवशी कळेल, आणि ते कळणं कुठल्याही चाचणीपेक्षा मोलाचं आहे. त्यांना मोजायला नका लावू, आणायला लावा. 'मला पाच लाडू आणून दे.' आणून देताना मनात पाच धरून ठेवावे लागतात.

आणखी एक गंमत परातीत करून बघा. दहा लाडू एका परातीत जवळजवळ रचा, दहाच दुसऱ्या परातीत पसरून ठेवा. जास्त कुठे? पाच-सहा वर्षांची बरीच मुलं पसरलेल्या परातीकडे बोट दाखवतील. मानसशास्त्रज्ञ पियाजेने हे फार पूर्वी दाखवून दिलं आहे. इथे 'चूक' म्हणू नका. दोन्हीकडून एकेक लाडू उचलून जोड्या लावायला सांगा. जोड्या बरोबर संपल्या की मुलं स्वतःच चकित होतात. आणि लाडू गोल मांडून मोजायला दिले की मोजणं थांबतच नाही, कारण कुठून सुरू केलं तेच विसरतं. एखादी चतुर पोरगी पहिल्या लाडवावर तुळशीचं पान ठेवील. ठेवलं नाही तर कुणी तरी ठेवीपर्यंत वाट पाहा.

लाडू सारखे वळले जाणं गणितासाठी गरजेचं आहे, कारण भाव सारखा आहे. एका लहान वाटीने माप घ्यायचं आणि वळायचं. पाक मोठ्यांनी करायचा आणि मिश्रण हाताला सोसेल इतकं निवल्यावरच मुलांसमोर आणायचं, हे सांगायची गरज नाही, तरी सांगते. गुळाचा पाक तेलापेक्षा वाईट चिकटतो.

चिक्की मात्र दुसरीला द्या, आणि इथे जरा थांबा, कारण या सगळ्या बाजारात मला सर्वात श्रीमंत वाटणारं गणित चिक्कीच्या ताटात आहे. चौकोनी ट्रे मिळाला तर सहा उभ्या आणि चार आडव्या रांगा पाडता येतात, आणि चोवीस तुकडे एकेक न मोजता 'चार-चारच्या सहा रांगा' म्हणून सांगता येतात. पाढा पाठ करण्याआधी पाढा असा डोळ्याला दिसायला हवा. पण गावात ट्रे कुठला, चिक्की थापली जाईल ती जेवणाच्या ताटात, आणि ताट गोल. मधले तुकडे नीट चौकोनी येतील, काठाचे तिरके, अर्धे, कोपरा गेलेले. मोठी माणसं ते काठाचे तुकडे मुलांच्या तोंडात टाकून मोकळी होतात. तसं करू नका. तेच तुमचं साहित्य आहे. विचारा: हा तुकडा पाच रुपयांना द्यायचा का? मुलं एका सुरात 'नाही' म्हणतील, कारण न्यायाची जाणीव त्यांना आपल्यापेक्षा तिखट असते. मग किती? दोन काठाचे तुकडे जोडले तर एक पूर्ण होतो का? जोडून बघा. होत नाही म्हणता, बरं, किराणा दुकानातली तागडी आणा. एका पारड्यात पूर्ण तुकडा, दुसऱ्यात काठाचे. कुठे दोन लागतील, कुठे तीन. 'अर्धा' हा शब्द दुसरीतल्या मुलाला अर्धी भाकर म्हणून माहीत असतो. दोन सारखे भाग झाले तरच अर्धा, हे त्याला इथे हाताने कळतं. शेवटी मुलं जो भाव ठरवतील तो ठेवा, मग तो तुम्हाला अवघड वाटला तरी. एक सूचना फक्त करीन: काठाचे तुकडे अडीच रुपयांना विकता येणार नाहीत हे त्यांना कळू द्या आणि दोन तुकड्यांची पुडी पाचला बांधण्यापर्यंत त्यांना स्वतः येऊ द्या.

बाकी भाव तुम्ही सोपे ठेवा. अंगणवाडीच्या दुकानात सगळं एक रुपयाला, म्हणजे एक बोर-आवळ्याची पुडी आणि एक नाणं. पहिलीच्या दुकानात दोनला आणि पाचला. दुसरीला पाच आणि दहा, आणि एखादाच जिन्नस सातला, मुद्दाम. त्या सातच्या जिनसासाठी गिऱ्हाईक दहाची नोट देईल, आणि परत किती द्यायचे हा प्रश्न येईल. वर्गात आपण दहातून सात वजा करायला शिकवतो. दुकानदार वजाबाकी करत नाही, तो पुढे मोजतो. हातात जिन्नस देताना 'सात', मग एक नाणं ठेवून 'आठ', दुसरं 'नऊ', तिसरं 'दहा'. गिऱ्हाइकाची दहाची नोट पुरी झाली, तीन रुपये परत गेले. ही रीत मुलांना आधी चिचोक्यांवर शिकवा. बाजाराआधीच्या दोन आठवड्यांत रोज वीस मिनिटं वर्गात खोटं दुकान मांडा, चिचोके म्हणजे रुपये, आणि आळीपाळीने दुकानदार-गिऱ्हाईक. मग बाजार झाल्यावर फळ्यावर १० − ७ = ३ लिहा आणि विचारा, हे कुणाच्या दुकानात झालं होतं? ते दोन अभ्यास सांगितले, त्यातली तुटलेली जागा हीच आहे.

नाण्यांचं एक वेगळंच कोडं आहे. पाच-सहा वर्षांच्या लेकराला एक रुपयाची तीन नाणी आणि पाचचं एक नाणं समोर ठेवून 'काय घेशील' विचारा. तीन उचलेल. बरोबरच आहे त्याचं, तीन नाणी जास्तच दिसतात. एका नाण्यात पाच रुपये लपलेले आहेत ही कल्पना मोजण्याच्या पुढची आहे. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा, दोन घरांची, पाच घरांची, दहा घरांची; त्यावर घरोघरी एकेक रुपया ठेवून पट्टी भरली की ती पट्टी देऊन तेवढ्याचं नाणं घ्यायचं. दहाची पट्टी भरली की दहाची नोट. वर्गात काड्यांचे दशकाचे गठ्ठे बांधता त्याच गोष्टीला आता किंमत आली. दहाची नाणी काही गावांत दुकानदार घेत नाहीत, ती बंद झाल्याची अफवा अजून फिरते. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच सांगितलं आहे की दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले सगळे १४ नमुने चालतात. तुमच्या दुकानात ती जरूर घ्या. फारच गंमत करायची तर किती वेगवेगळे नमुने जमले ते मुलांना वेगळे करायला लावा.

आकड्यांच्या नावांचा त्रास मात्र होणार. 'सदतीस' ऐकलं की लेकरू आधी सात ऐकतं आणि ७३ लिहून मोकळं होतं. एकोणतीसमध्ये तर तीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात २९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'तीस सात' अशी वाचनाची पद्धत जोडीला दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला तुम्हाला आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांना सगळीकडे उत्तरं द्यावी लागली. माझं मत विचाराल तर पुस्तकाची बाजू बरोबर होती. गल्ला मोजताना मुलांना 'तीस आणि सात, सदतीस' असं दोन्ही म्हणू द्या. तांड्यावरची मुलं असतील तर ती घरच्या बोलीत मोजतील, तसं मोजू द्या. तांड्यावरचं गिऱ्हाईक आलं की तीच मुलं दुकानावर बसवा. संख्या आधी त्यांच्या भाषेत पक्की झाली तर मराठीत यायला वेळ लागत नाही.

आता दान. ब्लँकेटांचा विचार चांगला आहे, पण या वयाला तो आकडा पेलत नाही. ब्लँकेट अडीचशेला धरलं तर पाच रुपयांचे पन्नास लाडू विकावे तेव्हा एक होतं. पहिलीच्या पोराला त्यात आपल्या एका लाडवाचं काही दिसत नाही. त्यापेक्षा भट्टीवरच्या लेकरांसाठी कानटोप्या घ्या. आठवडी बाजारात पन्नासच्या आसपास मिळते असं धरू. मग दहा लाडू म्हणजे एक कानटोपी; हे सगळ्यांना कळतं. मुलं अकरा असतील तर अकरा टोप्या, साडेपाचशे रुपये. भिंतीवर मोठा कागद लावा, त्यावर अकरा टोप्या काढा आणि प्रत्येक टोपीत पाच घरं. गल्ल्यात दहा रुपये जमले की एक घर रंगवायचं. अंगणवाडीचं लेकरूसुद्धा सांगेल, किती झाल्या आणि किती राहिल्या. 'किती राहिल्या' विचारायला विसरू नका; वजाबाकीचा तो दुसरा चेहरा वर्गात फारसा येत नाही.

पण रंगवण्याआधी उसनं फेडायचं. गूळ-शेंगदाण्याचं सामान आयांनी घरून आणू नये, नाहीतर फायदा खोटा दिसतो आणि ज्या घरी त्या आठवड्यात सामान नाही त्या लेकराची मान खाली जाते. गावातल्या बचत गटाकडून चारशे-पाचशे रुपये, जितकं लागेल तितकं, उसने घ्या. बाया त्यांच्या नोंदवहीत ते लिहितील, ती वही मुलांना दाखवायला सांगा. दुकानात दोन डबे ठेवा. पहिला उसन्याचा. तो भरेपर्यंत सगळे पैसे त्यात. भरला की गटाच्या ताईंच्या हातात, सगळ्यांसमोर मोजून. त्यानंतरचा प्रत्येक रुपया दुसऱ्या डब्यात, टोप्यांचा. लागवडीचा खर्च निघाला की नाही हे वाक्य आपल्याकडची लेकरं बोलायला लागल्यापासून घरात ऐकतात. त्याचा अर्थ त्यांना या दोन डब्यांत दिसेल. टोप्या अकराऐवजी आठच झाल्या तर तेवढ्याच झाल्या म्हणा, उरलेल्या तीन मोठ्यांनी घालाव्यात. फळ्यावर आकडा खरा लिहा.

तुमच्या वर्गातल्या त्या दोन मुलांचा विचार तुम्ही पत्रात शेवटी केलात, मी आधी करीन. ती दुकानावर बसतील, मोजतील, ओरडून माल विकतील, अगदी इतरांसारखी. टोप्या शाळेत वाटायच्या नाहीत. हार-नारळ नको, फोटो नको, नावं पुकारणं नको. आशाताई किंवा अंगणवाडीताई भट्टीवर नेहमी जातात, त्यांच्याबरोबर पाठवा. मुलांना हेतू सांगताना 'गरिबांना देऊ' असं म्हणू नका; 'थंडीत बाहेर राहणाऱ्या लहान मुलांना टोप्या' एवढं पुरतं. कागदावर टोप्यांच्या खाली कुणाचं नाव येणार नाही, हेही बघा. टोप्यांची मापं कशी कळणार म्हणाल, तर तुमच्याच वर्गात अंगणवाडी, पहिली, दुसरी अशी प्रत्येकी चार डोकी दोऱ्याने मोजा, दोरे कापून फळ्यावर शेजारी शेजारी चिकटवा. कोणतं माप किती लागेल याचा अंदाज त्यावरून येईल, आणि सर्वांत मोठं डोकं कुणाचं यावर दोन दिवस चर्चा चालेल.

पालकांच्या 'हाव' या शब्दाला फार लांब उत्तर नको. त्यांचं लेकरू आजही पाच रुपये घेऊन कुरकुऱ्यांच्या पुडीसाठी किराण्यात जातं. इथे ते पैसे घेईल, मोजेल आणि दुसऱ्यासाठी ठेवून देईल. मुलांनी स्वतःच्या पैशाने खरेदी करायचीच नाही असा नियम ठेवा: लहान विकणार, मोठे घेणार. उरलेला माल शेवटी सगळ्यांत सारखा वाटायचा. तेवीस मुलं आणि एकतीस लाडू असले तर काय करायचं, ते मुलांनाच विचारा. एकेक देऊन झाल्यावर राहिलेल्या आठांचं काय, यावर वर्ग कामाला लागतो.

मोठ्या गिऱ्हाइकांना शिस्त लावणं मात्र तुमच्याकडे. बाजाराच्या दिवशी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आलेला माणूस लेकराला मोजायला वेळ देत नाही. 'राहू दे, राहू दे ते तीन रुपये' म्हणून निघून जातो, आणि दान म्हणून ते बरंही वाटतं. पण लेकराचे 'आठ, नऊ, दहा' घशातच राहतात. म्हणून पाटी लिहा, आपल्याच बोलीत: 'हिशोब लेकरं करतीन. घाई असन त उद्या या जी.' खाली लहान अक्षरात, 'उत्तर सांगू नका, जास्तीचे पैसे डब्यात टाका पण सुटे घेतल्यावर.' एक-दोन आज्यांना आधीच सांगून ठेवा की त्यांनी मुद्दाम चुकीचं बोलायचं. 'पाचाचे दोन लाडू घेतले, म्हणजे सात झाले ना वं?' आजीची चूक काढायची संधी पहिलीतलं पोर सोडणार नाही.

विक्रीची नोंद दुकानाच्या मागे बसलेल्या मुलाने करायची. एक जिन्नस गेला की एक उभी रेघ, पाचवी रेघ आडवी. अंगणवाडीचं लेकरू रेघेऐवजी गोल काढेल. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या रेघांवरून काड्यापेट्यांचे मनोरे रचा, लाडवांचा एक, चिक्कीचा एक, शेंगांचा एक. कुठला उंच, किती पेट्यांनी उंच. मग वही. त्या आठवड्यात पुस्तकातलं एकही उदाहरण सोडवलं नाही तरी चालेल, मुलांनी आपल्याच दुकानातली दहा उदाहरणं चिन्हांत लिहावीत, चुकीची झालेली विक्रीसुद्धा. केंद्रप्रमुख आले तर त्याच वह्या दाखवा.

सुट्यांची तयारी आठवडाभर आधी करा, नाहीतर सगळं इथेच अडतं. एक रुपयाची पन्नास, दोनची पंचवीस आणि पाचची वीस नाणी, म्हणजे दोनशे रुपये, तीन दुकानांना पुरतात. किराणावाले आणि एसटीचे कंडक्टर दोघेही देतात. हे दोनशे तुम्ही स्वतःचे घाला, वेगळ्या पिशवीत ठेवा आणि मुलांना सांगून ठेवा की हे मॅडमचे आहेत, बाजार उठला की आधी हे मोजून परत. शंभर आणि दोनशेच्या नोटांचे सुटे मुलांच्या दुकानात होणार नाहीत. त्यासाठी फाटकाजवळ सरांना बसवा. मुख्याध्यापकांना त्या दिवशी काही काम हवंच आहे.